हौशीचा जार

आधीच सांगून टाकते, ह्या प्रकरणात माझं काही चांगलं दिसणार नाही. शाळेच्या गमती, मैत्रिणींची भांडणं, रंकाळ्यावरची भेळ हे सगळं लिहिताना हात कसा सुटला होता. हे लिहायला बसले आणि चार दिवस नुसता चहा ढोसत राहिले. पण आपल्या आठवणी लिहायच्या आणि त्यातली नेमकी हीच गाळायची, म्हणजे दुधात पाणी घालून वर देवाची शपथ घ्यायची. तो धंदा आमच्या घरात कुणी केला नाही. तेव्हा लिहिते, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

आमचं घर कोल्हापुरात, गंगावेशीच्या मागं, गवळ्यांच्या गल्लीत. पुढं दोन खोल्या, मधे स्वैपाकघर, त्याला लागून गोठा आणि गोठ्यामागं परडं, म्हणजे मागचं अंगण. घरात माणसं तीन, अप्पा, अव्वा आणि मी, आणि म्हशी चार, त्यामुळं बहुमत कायम म्हशींचं. आम्ही लिंगायत गवळी. वडिलांना अप्पा आणि आईला अव्वा म्हणायची आमच्यात चाल. अव्वा शिरोळकडची, तिच्या माहेरी अर्धी बोली कानडी. ती आमच्याशी मराठीत बोलायची आणि म्हशींशी कानडीत, आणि खरं सांगायचं तर तिची माया कानडीतच जास्त उतरायची. म्हशीला 'बा, बा, नन्न बंगारा', म्हणजे ये गं माझ्या सोन्या, आणि मला मात्र, 'ऊठ की गं म्हशे, ऊन ढुंगणावर आलं.' ह्यावरून मी तिच्याशी पुष्कळ भांडले आहे. सकाळी जाग यायची ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. चरवी रिकामी असताना धार पत्र्यावर वाजल्यासारखी कडक वाजते, मग दूध चढत जातं तसा तो आवाज जाड होतो आणि शेवटी नुसता फेसात बुडतो. मी अंथरुणातूनच सांगायचे, आता अर्धी भरली, आता काठाला आली. अप्पांची पूजा त्याआधीच झालेली असायची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून ते म्हशीखाली बसलेले. स्वैपाकघरात अव्वाचा भाकरीचा थाप थाप ताल. तव्यावरची भाकरी, तिच्या पापुद्र्यात लोण्याचा गोळा, बाजूला शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. पुढं कुठं कुठं जेवले, पण त्या भाकरीची बरोबरी कशाला आली नाही.

तिन्हीसांजेच्या आधी अप्पा म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचे. बाहेरगावचा माणूस हे पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याचा विश्वासच बसत नाही. भर रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर गिऱ्हाईक उभं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून कोमट, फेसाळ ग्लास त्याच्या हातात. तालमीतले पैलवान, रिक्षावाले, कचेरी सुटलेले कारकून, सगळे एका रांगेत. कुणी नवखा रुमाल काढून ओठ पुसायला लागला की अप्पा ओरडायचे, 'पावणं, फेस पुसाय काय त्यो डाग हाय व्हय? राहू दे की मिशीला!' सगळा कट्टा हसायचा. अप्पांचा आवाज असा की गंगावेशीत बोलले तर पंचगंगेवर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करतील. बारीक आवाजात बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पण गल्लीत त्यांचं खरं नाव होतं ते म्हशीच्या बाळंतपणासाठी. कुणाची म्हैस अडली की आधी अप्पांना हाक, डॉक्टर नंतर. ताटावरून उठून जायचे. परत आले की हात धुताना अव्वा विचारायची, 'सुटली?' आणि ते म्हणायचे, 'सुटली. पर जार पडूस्तवर बसलो.' जार म्हणजे व्याल्यानंतर जे पडतं ते, बाईची जशी वार. तो म्हशीच्या अंगाबाहेर पुरता पडला पाहिजे. पडला की म्हैस तो स्वतःच खायला बघते, आणि खाल्ला तर तिचं पोट बिघडतं, दूध आटतं. आणि पडलाच नाही, किंवा तुकडा आत राहिला, तर तो कुजतो आणि म्हैस हातची जाते. म्हणून आमच्यात रीत होती की म्हैस व्याली की एक माणूस तिच्यासमोर बसणार आणि जार पडेपर्यंत उठणार नाही. बसून शेंगा फोडायच्या नाहीत, लसूण सोलायचा नाही, वाती वळायच्या नाहीत. नुसतं बघायचं. पडला की उचलायचा, पसरून पुरता आहे का ते तपासायचं, मग परड्यात खोल खड्डा काढून पुरायचा आणि वर मूठभर मीठ. कधी दोन तास लागतात, कधी सहा. अप्पा त्याला 'बघत बसायचं काम' म्हणायचे आणि ते काम सहसा दुसऱ्या कुणाला देत नसत. 'धार कुनी बी काडंल,' म्हणायचे, 'बघत बसाय मानूस लागतंय.'

आमच्या चार म्हशींत हौशी अप्पांची लाडकी. काळी कुळकुळीत, शिंगं पाठीवरून पार मागं गेलेली. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतल्या म्हशी सजवून पळवतात, तेव्हा अप्पा मोटरसायकलवरून पुढं आणि हौशी शिंगं रंगवून, पायात चाळ बांधून त्यांच्या मागं. इतक्या गर्दीत, इतक्या गोंगाटात ती फक्त अप्पांच्या हाकेला धावायची. दुसऱ्यानं नरडं फोडून बोलावलं तरी जागची हलायची नाही, मान फिरवून बघायची तेवढी.

आता माझ्याबद्दल. माझं नाव गिरिजा, घरात गिरजा. बी.कॉम. झालं, कॉम्प्युटरचा कोर्स झाला, आणि घरी बसून स्थळांची वाट बघायची पाळी आली. यायची, पोहे खायची, 'कळवतो' म्हणून जायची. बरोबरच्या मैत्रिणी लग्न होऊन कुणी बेळगावला, कुणी पुण्याला गेल्या. मी दिवसभर घरात, अंगाला शेणाचा वास, आणि बोलायला अव्वा आणि म्हशी. पोरगी कोमेजलीय हे अप्पांच्या लक्षात आलं असावं. एक दिवस रिक्षातून कॉम्प्युटर घेऊनच उतरले. फोनची तार जिथंपर्यंत पोचत होती ती खोली गोठ्याला लागून होती, म्हणून तो तिथं मांडला. खिडकीतून सरळ गोठा दिसायचा. पहिल्या खंडेनवमीला अप्पांनी चरव्या, खुरपी, मोटरसायकल सगळ्यांची पूजा केली आणि शेवटी येऊन कॉम्प्युटरच्या काचेवरही विभूतीचे तीन पट्टे ओढले. मी ओरडले, 'अप्पा, काच खराब हुईल की!' तर म्हणाले, 'तुझं हत्यार हाय न्हवं ते? मग?'

हत्याराचा उपयोग मी काय केला ते ऐका. त्या दिवसांत एक साइट निघाली होती, ज्याच्या त्याच्या नावाचं एक पान, त्यावर फोटो, आणि दुसऱ्याच्या पानावर जाऊन चार ओळी खरडून यायच्या. मी आधी मैत्रिणींसाठी गेले. पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या एका पोरीशी गप्पा मारताना मी लिहिलं, 'जेवून आलो.' आम्हा कोल्हापूरच्या पोरी बोलतोच तशा, आलो, गेलो, खाल्लो. तर ती विचारते, तू मुलगा आहेस का? हसून हसून पोट दुखलं. अशी ती गंमत होती. मग मैत्रिणींच्या मैत्रिणी, त्यांच्या वहिन्या, त्यांचे डोंगरावरचे फोटो, त्या फोटोखाली कुणीतरी काहीतरी लिहिलेलं, ते कोण म्हणून त्याच्या पानावर. माउसचं चाक फिरवत राहायचं. काही शोधत नव्हते मी. शोधणाऱ्याला कधीतरी सापडतं आणि तो उठतो. मला उठायचं कारणच नव्हतं. तिथं माझ्या अंगाला वास येत नव्हता, हे एक होतं. माझ्या पानावर घरच्या धंद्यापुढं मी 'डेअरी बिझनेस' असं लिहिलं होतं. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. अप्पा कधी दारात येऊन उभे राहायचे, हातात दुधाचा ग्लास. 'काय दिसतंय गं ह्यात येवढं?' मी मान न वळवता सांगायचे, 'काय न्हाय अप्पा, अभ्यास.' ते ग्लास टेबलावर ठेवून जायचे. संध्याकाळी त्यावर जाड साय धरलेली असायची आणि अव्वा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, ज्यात तिच्याही येत होत्या.

आजकालच्या पोरांना मोबाइलवरून बोलणी बसतात तेव्हा मी गप्प असते. माझ्या वेळी तो खिशात मावत नव्हता एवढाच फरक.

हौशी व्याली तो दिवस. अव्वा आदल्या दिवशीच शिरोळला भावाकडं बारशाला गेली होती. दुपारी जेवणं झाली आणि हौशी कळा द्यायला लागली. अप्पा होतेच. फार त्रास झाला नाही, तासाभरात सुटली, आणि रेडी झाली, म्हणजे मादी रेडकू. गवळ्याच्या घरी रेडी होणं म्हणजे लक्ष्मीच. अप्पांनी त्या ओल्या पिल्लाला कोरड्या फडक्यानं पुसलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की गल्लीतली चार माणसं गोठ्याच्या दाराशी आली. 'चीक खायाला या रे उद्या समदी!' चीक म्हणजे पहिलं घट्ट दूध, त्याचा खरवस गल्लीत वाटीवाटीनं जायचा. मी चुलीवर ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्यात गूळ घातला, कोमट करून हौशीला दिल्या. अप्पांनी कुठूनसा वेळूचा पाला आणून टाकला, त्यानं जार लवकर पडतो म्हणतात. साडेचार वाजले. कट्ट्यावर जायची वेळ. तिन्ही म्हशी सोडल्या, आणि मला समोर बसवून ते म्हणाले, 'गिरजा, अव्वा न्हाय. आज ह्ये काम तुझं. जार पडूस्तवर हलायचं न्हाय. डोळा काडायचा न्हाय तिच्यावरनं. जमतंय न्हवं?' मी म्हणाले, 'जावा की निवांत. मी काय कुकुली पोर हाय व्हय?' त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी पहिल्यांदा ते काम माझ्या हातात दिलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण मला फिकीरच नव्हती असं नाही.

अर्धा तास मी बसले, अगदी सांगितलं तशी. जाराचा वीतभर भाग बाहेर लोंबत होता. हौशी रेडीला चाटत होती. गोठ्यात उबदार, गोड, ओला वास. इतकं सुंदर सगळं डोळ्यासमोर, आणि मला काय वाटावं? की हे कुणाला तरी सांगावं. पाच मिनिटं. खिडकीतून गोठा दिसतोच आहे. मी आत गेले, आमच्याकडं रेडी झाली असं लिहिलं आणि कुणी काय म्हणतंय ह्याची वाट बघत बसले. एकीनं हसल्याची खूण टाकली. दुसरीनं लिहिलं, 'म्हैस? खरंच म्हैस?' त्या दुसरीच्या पानावर गेले. तिच्या नणंदेचं लग्न झालं होतं. त्या लग्नाचे फोटो. मग कुणाच्या तरी मनालीच्या सहलीचे. बर्फात उभी राहिलेली एक बाई, लाल टोपी घातलेली, तिचे किती फोटो असावेत? उभी, बसलेली, बर्फाचा गोळा फेकताना, गोळा लागल्यावर. सगळे बघितले. मी त्या बाईला ओळखत नव्हते आणि आज तिचा चेहराही आठवत नाही. खिडकी माझ्या हातभर अंतरावर होती आणि त्या सबंध वेळात मी मान वळवली नाही.

वळवली तेव्हा बाहेर काळोख धरायला लागला होता. धावत गोठ्यात गेले. हौशी उभी होती, शांत, मान हलवत. मागं काही लोंबत नव्हतं. जमिनीवर काही नव्हतं. मी गवत विस्कटलं, गव्हाणीत बघितलं, कंदील घेऊन कोपरे धुंडाळले. काही नाही. तेव्हा मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की जार पडला आणि हौशीनं खाल्ला.  मग डोकं चालायला लागलं, आणि ते किती भराभर चाललं ह्याची मला आजही भीती वाटते. खाल्ला तर काय होईल? चार दिवस पोट बिघडेल, दूध थोडं कमी येईल. मरत तर नाही. अप्पांना कळायची गरजच काय? मी कुदळ घेतली, परड्यात लिंबाखाली खड्डा खणला, तो तसाच बुजवला, माती थोपटली आणि वर मूठभर मीठ टाकलं.

अप्पा आठाच्या सुमाराला आले. म्हशी बांधायच्या आधीच विचारलं, 'पडला?'

'व्हय. पुरला.'

'पुरता हुता? पसरून बघितलास?'

'बघितला की. पुरता हुता.'

परड्यात जाऊन त्यांनी ती माती बघितली. परत आले आणि म्हणाले, 'शाब्बास गं माझ्या वाघिणी.' त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, ते म्हणाले दमली असशील.

दुसऱ्या दिवशी गल्लीत खरवस गेला. वाट्या परत आल्या त्या साखर घालून, रिकामी वाटी परत द्यायची नाही म्हणून. दुपारपासून हौशीनं वैरणीला तोंड लावणं कमी केलं. संध्याकाळी अव्वा शिरोळहून आली, तिनं हौशीच्या कानाला हात लावला आणि म्हणाली, 'ही तापलीया.' जेवताना अप्पांनी मला विचारलं, अगदी साधेपणानं, 'गिरजा, जार पुरता पडला हुता न्हवं? नीट आठव बरं.' आणि मी काय केलं? मी चिडले. 'किती येळा इचारालाईसा अप्पा? सांगितलं न्हवं!'  तर तेच म्हणाले, 'बरं बरं, रागवू नगंस.' माझ्या बापानं माझी समजूत काढली.

तिसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. भले गृहस्थ. त्यांनी ताप बघितला, पोट दाबून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, 'जार पूर्ण पडला होता?' मी तिथंच उभी होते, हातात गरम पाण्याची बादली. अप्पा म्हणाले, 'माझ्या पोरीनं सवताच्या हातानं पुरलाय.' डॉक्टर म्हणाले, 'वास जरा वेगळा येतोय. मला हात घालून बघावं लागेल.' म्हैस आधीच दमलेली, त्यांनी हात लावला की हंबरत होती. अप्पांनी त्यांचा हात धरला. 'डाक्टर, माझी पोरगी खोटं बोलत न्हाय. दुसरं काय तरी असंल, त्ये बघा.' डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. तो एक क्षण होता. मी नुसतं 'न्हाय' म्हणायचं होतं, पुढचं सगळं आपोआप झालं असतं. मी बादली खाली ठेवली आणि म्हणाले, 'पुरता पडला हुता.' त्यांनी तापाचं इंजेक्शन दिलं, पावडरी दिल्या आणि गेले.

तुम्ही म्हणाल, का? मी स्वतःला हजारदा विचारलंय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. त्या खिडकीआड मी काय करत होते, हे अप्पांनी विचारलं तर काय सांगू? चोरी केली असती, कुणा पोराला भेटायला गेले असते, तरी सांगता आलं असतं. त्या लाल टोपीवाल्या बाईचं कसं सांगायचं?

चौथ्या दिवशी हौशी बसली ती उठेना. अव्वा तिच्या कानाशी कानडीत काहीबाही बोलत होती. अप्पांनी कोडोलीच्या एका जुन्याजाणत्या डॉक्टरांना मोटरसायकलवर बसवून आणलं. त्यांनी काही विचारलं नाही. हातमोजा चढवला, साबण लावला आणि आत हात घातला. जे बाहेर आलं त्याच्या वासानं दाराशी जमलेली माणसं मागं सरली. कुजलेले तुकडे होते. लोंबणारा भाग तेवढा तुटून पडला होता आणि तेवढाच तिनं खाल्ला होता. बाकी सगळा आत. डॉक्टर संतापले. 'जार पडलाय म्हणून कोणत्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला?'

गोठ्याच्या दाराशी अर्धी गल्ली होती. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग त्या शहाण्याचं नाव सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बारीक आवाजात सांगितलं. 'म्याच. म्याच बघितला. अंधार पडला हुता, चुकलो.'

हौशी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. उचगावला अप्पांच्या ओळखीचा एक शेतकरी होता, त्याच्या बांधाला तिला पुरलं. अप्पांनी तिच्या कपाळाला विभूती लावली. रेडी दुसऱ्या म्हशीच्या दुधावर जगली, ते काम अव्वानं केलं. अप्पांनी अव्वालाही 'म्याच बघितला' असंच सांगितलं, आणि ती महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. 'दुनियेच्या म्हशी सोडवत फिरतोय आन् सवताची घालवली.' मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत होते. अप्पा गोठा झाडत राहायचे.

मग गल्लीचं काय झालं ते. माणसं वाईट नव्हती, पण जनावर म्हणजे घर असतं. पुढच्या महिन्यात चार दारं सोडून एकाची म्हैस अडली, आम्हाला ओरडा ऐकू येत होता. अप्पा उठून चपला घालून बसले, हाक येईल म्हणून. हाक आली नाही. त्या माणसानं डॉक्टरला बोलावलं. नंतर कट्ट्यावर कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, 'अप्पाला बोलवायचं म्हंजे आदी कंदील द्याय पायजे.' सगळे हसले, अप्पाही हसले. पुढं चपला घालून बसायचंही त्यांनी सोडलं. पाडव्याला म्हशी पळाल्या, आमच्या दारातूनही पळाल्या, अप्पा उंबऱ्यावर बसून बघत राहिले.

कॉम्प्युटर मी त्याच आठवड्यात कापडात गुंडाळून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. आता माझ्याही हातात मोबाइल आहे, आणि मी काही साध्वी झालेले नाही. परवाच कुणाच्या तरी कुत्र्याला आंघोळ घालण्याचे व्हिडिओ अर्धा तास बघितले आणि भाजी करपवली. पण एक शिस्त लावून घेतली आहे. मोबाइल उचलायच्या आधी कशाला उचलतेय ते मोठ्यानं बोलायचं, 'लाइट बिल भरायला,' 'मैत्रिणीला फोन करायला,' आणि तेवढं झालं की खाली ठेवायचा. बोलायला काही सुचलं नाही तर हात लावायचा नाही. आणि कुणी माणूस समोर बसून बोलत असेल, जनावर आजारी असेल, दूध तापत असेल, तर तो दुसऱ्या खोलीत. माझ्या घरचे हसतात, ही येडी स्वतःशी बडबडते म्हणतात. हसू देत. ह्या शिस्तीचं कौतुक कुणी केलं की मात्र मला कसंसंच होतं. ती 'पाच मिनिटं' मी आता सांभाळते. नंतरच्या त्या तीन दिवसांचं काय करायचं, त्याला शिस्त सापडलेली नाही.

पुढं माझं लग्न झालं, अव्वा गेली, म्हशी विकल्या. अप्पा एकटे त्या घरात राहायचे, मी आठवड्यातून दोनदा जेवण घेऊन जायचे. एका दुपारी त्यांना भाकरी कुस्करून दिली, ते जेवले, हात धुतले, आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं. सगळं. पाच मिनिटं, लग्नाचे फोटो, मनाली, लाल टोपी, कुदळ, मीठ. मी रडत होते. अप्पा पंच्याला हात पुसत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, 'मला ठाव हाय. कोडोलीचं डाक्टर गेल्यावर त्याच राती माती उकरून बघितलीया म्या. निस्तं मीठ हुतं.'

मी म्हणाले, 'अप्पा, माफ करा.'

'बघायचं सोडून उठलीस, त्ये म्या कवाच इसरलो,' ते म्हणाले. 'ल्हान हुतीस, जीव रमत नव्हता तुझा, मला दिसत हुतं की. पर तीन दिस तू तिच्याम्होरं हुबी हुतीस, ती वरडत हुती, आन् तू बोलली न्हाईस. त्ये न्हाय इसराय येत, गिरजा. लई प्रयत्न केला.'

 मग मी डोळे पुसले आणि म्हणाले, 'मी गल्लीत जाऊन सांगतो समद्यांना. कट्ट्यावर जाऊन सांगतो, चूक माझी हुती, अप्पांची न्हाय.'

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या जुन्या, मोठ्या आवाजात म्हणाले, 'जा की. अडवलंय कुनी?'

अप्पा त्यानंतर दोन वर्षं होते. कट्टा त्यांच्या दारापासून पाच मिनिटांवर होता. मी गेले नाही.